चरबीचा वायसर

यंत्र गळायला लागलं तेव्हा मेकॅनिकला बोलवायचं नाही, असं मी ठरवलं. तो ओळखीचा आहे. आल्या आल्या "वहिनी कुठे आहेत?" विचारणार, आणि मग मलाच त्याला चहा देऊन त्याचं सांत्वन करावं लागणार.

यंत्र म्हणजे मांजराचा संडास. तो स्वतःच स्वतःला धुतो: नळाचं पाणी घेतो, आतले खडे धुतो, घाण पाणी सोडून देतो आणि गरम हवेने खडे वाळवतो. (घरात नेटकं काम करणारं आता तेवढंच उरलं होतं.) माझ्या बायकोने, कुनसुलूने, तो तिच्या मांजरीसाठी, मामिकसाठी, हौसेने घेतला होता. कुनसुलू गेली. मामिक राहिली, मी राहिलो, आणि यंत्राच्या तळाचा रबरी वायसर झिजला.

थेंब खाली पडू लागले. खाली म्हणजे क्लावदियाबाईंच्या घरात.

कुनसुलूच्या थोरल्या बहिणीचा, रायखान आपांचा, फोन आला. "शुक्रवारी येते. तोवर गळती थांबली नाही, तर मांजर माझ्याबरोबर गावी येईल. गोठ्यात उंदीर भरपूर आहेत."

"आपा, तिने जन्मात उंदीर पाहिलेला नाही."

"बघेल. तू तरी पान्हा कुठे पाहिला होतास?"

मामिक कुनसुलूच्या उशीवर झोपते. त्या उशीचा अभ्रा मी अजून धुतलेला नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पाणी उताराकडे जातं, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते अडवायचं कसं, हे बहुधा पुढच्या इयत्तेला असावं. आधी चिकटपट्टी लावली. पाणी पट्टीला वळसा घालून आलं. मग दुकानातून एक लुकण आणलं. ते माझ्या बोटांना घट्ट बसलं. (अजून आहे.) शेवटी पूर्वज आठवले. त्यांनी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या, तंबूत बर्फाळ हिवाळे काढले, मग मला एक थेंब अडवता येऊ नये? जुन्या बुटातल्या नमद्याची चकती कापली, तिला मेंढीच्या शेपटीची चरबी चोपडली आणि वायसरच्या जागी बसवली. गळती थांबली. इतका आनंद झाला, की सांगायला धावत स्वयंपाकघरात गेलो. तिथे कोणी नव्हतं.

शुक्रवारी आपा आल्या. गरम तेलाचा वास गेलेल्या माणसाला पोचतो, असं आमच्यात मानतात; तो कुनसुलूपर्यंत पोचावा म्हणून त्यांनी शेल्पेक, म्हणजे तळलेल्या पातळ पोळ्या, करायला घेतल्या. दोन-चार पोळ्या झाल्या आणि त्यांचा झारा थांबला.

"मटण कोणी शिजवलंय?"

"कोणी नाही."

"मग शेपटीच्या चरबीचा वास कुठून येतोय?"

यंत्र खडे वाळवत होतं. गरम हवेने चरबी वितळली होती आणि मामिक यंत्राखाली तोंड घालून माझी दुरुस्ती चाटत होती. नमदाही बराचसा कुरतडून झाला होता. मी तिला ओढेपर्यंत यंत्राने पुन्हा धुवायला पाणी घेतलं. ते पाणी, खड्यांसकट आणि इतर ऐवजासकट, आपांच्या पायांपर्यंत आलं. उताराकडेच आलं. माझं तेवढं बरोबर निघालं.

दार वाजलं. क्लावदियाबाई घमेलं घेऊन उभ्या होत्या.

"ओराझबेक, आज माझ्या छतातून सूप गळतंय."

आपांनी मांजर न्यायला आणलेली टोपली उचलली.

"मांजराला कुठे नेता?" क्लावदियाबाई म्हणाल्या. "मांजर थोडंच गळतंय? हा बिघडवतोय सगळं."

"मग काय, ह्याला नेऊ?"

"ह्याला गोठ्यात ठेवलंत तर गोठा गळेल."

आपा मामिकला आणायला आतल्या खोलीत गेल्या. ती कुनसुलूच्या उशीवर जाऊन बसली होती. आपा तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हातांनी बाहेर आल्या.

"ह्यांच्या घमेल्यात वाळू भरून आण," त्या मला म्हणाल्या. "तेवढं जमेल?"

जमलं. मामिक तडक येऊन त्यात बसली. मी फरशी पुसली. घरात तेल, चरबी आणि इतर ऐवज यांचा एकत्र वास भरून राहिला होता. आम्ही तिघं गार झालेल्या पोळ्या खात बसलो.

"आपा," मी विचारलं, "वास पोचला असेल का तिच्यापर्यंत?"

"पोळ्यांचा माहीत नाही," आपा म्हणाल्या. "पण तू काहीतरी दुरुस्त केलंस, एवढं तिला नक्की कळलं असेल."