लिफ्टमधली लाइफबोट

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट गचकन थांबली, तेव्हा आत जावई होता, सासूबाई होत्या आणि दोघांच्या मधोमध एक लोखंडी खोका होता. मोडीत निघालेल्या जहाजाच्या लाइफबोटीतला हा जुना रेडिओ जावयाने महिनाभर पिच्छा पुरवून मिळवला होता. घरातल्या कपाटात आधीच कपडे कमी आणि व्हॉल्व्हचे रेडिओ जास्त झाले होते. म्हणूनच तर बायकोने आईला बोलावून घेतलं होतं, 'तूच चार शब्द सुनाव यांना' म्हणून. आणि सासूबाई रिक्षातून उतरल्या त्या नेमक्या हा खोका टेम्पोतून उतरत असताना!

"वजन किती हो याचं?" सासूबाईंनी विचारलं.

"फार नाही," जावई पुटपुटला. "लिफ्टलाच जास्त वाटलं."

लिफ्टची घंटा मुकी निघाली. मोबाइलला रेंज नव्हती. हाका मारून दोघांचे घसे बसले, पण वरून गाण्याच्या क्लासचा आवाज इतका दणदणत होता, की कोणाला काही ऐकूच जाईना.

"बुडत्या माणसांना वाचवतं ना हे धूड?" सासूबाई कडाडल्या. "मग आपल्याला वाचवायला काय झालं?"

जावयाचे डोळे लकाकले. "आई, याला वीज लागत नाही. हँडल फिरवलं की झालं. फिरवता?"

त्याने एरियलची तार लिफ्टच्या जाळीला बांधली. सासूबाईंनी पदर खोचला आणि हँडल गरागरा फिरवलं. आतले व्हॉल्व्ह हळूहळू लालसर उजळले.

"अगंबाई, पेटलं की!"

जावयाने संदेश पाठवायचं बटण दाबलं मात्र, वरच्या क्लासमधला स्पीकर टिर्रऽ टिर्रऽ किंचाळला. गाणं बंद पडलं.

"कोण आहे रे तो?" गायनशिक्षिका जिन्यात येऊन ओरडल्या.

"पोचलं! दाबा, पुन्हा दाबा!" सासूबाई दुप्पट वेगाने हँडल फिरवू लागल्या.

शिक्षिकांनी जाळीतून खाली डोकावून पाहिलं आणि सगळा राग विसरून मेकॅनिकला बोलावलं. गलका ऐकून बायकोही धावत आली. मेकॅनिकने दार उघडून हात पुढे केला. "या आजी, हात द्या."

"हात मोकळा नाही," कानाला रेडिओचा हेडफोन लावून हँडल फिरवणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "कोणीतरी बोलतंय. गप्प बसा जरा."

अखेर त्या बाहेर आल्या, घामाघूम आणि लालबुंद. बायकोने त्यांना हळूच बाजूला घेतलं. "आई, बोललीस का यांच्याशी?"

"राहिलंच की!" असं म्हणून सासूबाई गर्रकन वळल्या. "जावईबापू, त्या जहाजावर लाइफबोटी किती होत्या हो?"