तीन तक्रारी, सुवाच्य अक्षरात

मुलांची सुरक्षितता ही अत्यंत गंभीर बाब असल्याने ती मुलांवर सोपवून चालत नाही. मेहकर तालुक्यातल्या एका विद्यालयाचे मुख्याध्यापक शालिग्राम सर यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. ‘हिंसामुक्त शाळा’ स्पर्धा जाहीर झाली त्याच दिवशी त्यांनी समिती नेमली आणि अध्यक्षपद गणिताच्या भागवत सरांना दिले. (शाळेत मारण्याचा सर्वाधिक अनुभव त्यांनाच होता. अननुभवी माणूस काय थांबवणार?)

समिती झपाट्याने कामाला लागली. तक्रारपेटी आली. तिच्या झाकणात कुणाचे बोट चेमटू नये म्हणून ती सात फुटांवर बसवली. स्टुलावर चढून कुणी पडू नये म्हणून स्टूल कुलपात ठेवले. ‘आमच्या शाळेत कोणी मारत नाही’ ही घोषणा सगळ्या वर्गांकडून रोज घोटून घेतली जाई, आणि ताल चुकणाऱ्यांना भागवत सर लाकडी पट्टीने तालावर आणत. आठवडाभरात घोषणा अशी एका सुरात उठू लागली की शालिग्राम सरांना भरून यायचे.

परीक्षण दोन दिवसांवर आले आणि नियमावलीतले एक कलम सरांच्या नजरेस पडले. पेटी रिकामी आढळल्यास दहा गुण कमी. किमान तीन तक्रारी हव्यात, त्याही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अक्षरात. सरांना जेवण जाईना. इतकी वर्षे एकही तक्रार होऊ दिली नाही, आणि ऐनवेळी असा दुष्काळ!

समितीने बसून तक्रारी तयार केल्या. एक, बागेत आणखी फुले हवीत. दोन, शिक्षक सुट्टीच्या दिवशीही शिकवतात. तीन, भागवत सर फार प्रेमळ असल्याने आम्ही लाडावतो. (ही तिसरी खुद्द भागवत सरांना सुचली.) लिहायला सातवीतल्या निशिगंधाला बोलावले. तिच्यासारखे मोत्याचे अक्षर अख्ख्या शाळेत कुणाचे नव्हते.

तिने पेन धरला. तो खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला.

“काऊन वं?” शालिग्राम सरांनी विचारले.

“बोटं वाकूनच नाही राह्यले, सर. परवा घोषणेत माहा ताल चुकला, तं भागवत सरानं पट्टी मारली.”

सरांनी पाहिले. उजव्या हाताची चारही बोटे काळीनिळी, टम्म सुजलेली. असे अक्षर, आणि परीक्षणाच्या तोंडावर!

“भागवत सर,” ते पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, “डाव्या हातावर मारता येत नव्हतं काय?”

“मी सांगते, तुमी लेहा,” निशिगंधा मधेच म्हणाली. “माही एक तक्रार आहे.” आणि न अडखळता तिने ती सांगितली. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि तिला कलम दाखवले. तक्रार स्वतःच्या अक्षरात हवी. बोटे बरी झाली की अवश्य लिही, पेटी तुझीच आहे.

“मंग बाबाले बोलवा.”

निशिगंधाचे वडील गोविंदा मेहकरच्या बाजारातून वांग्यांचा ढीग तसाच टाकून आले. त्यांना दारात पाहून पोरीला धीर आला आणि शालिग्राम सरांना घाम फुटला. गोविंदांनी पोरीचा हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग तो हळूच खाली ठेवला आणि भागवत सरांना हात जोडले.

“मारा सर, माही काई तक्रार नाही. पोरगी तेवढी शिकली पायजे.”

निशिगंधाने हात ओढणीखाली घेतला.

तक्रारी दुसऱ्या एका मुलीने लिहिल्या, अक्षर बेताचे असूनही शाळा पहिली आली. सत्काराच्या भाषणात शालिग्राम सर म्हणाले की या यशात आपला वाटा थोडा आहे. पालकांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हते. वाचकहो, सरांनी तुमचेही आभार मानायला सांगितले आहे. पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडताना तुम्हीही सरांना हसत हसत काय सांगितले होते, ते त्यांच्या चांगले लक्षात आहे.