हाड, किल्ली आणि सोपानमामांची शेळी

आज आप्पांना खरं सांगूनच टाकायचं, असा त्या रविवारी मी पक्का निर्धार केला होता. निर्धार करण्यात मी पटाईत आहे. मळ्यात मी टाकून ठेवलेल्या पाइपात पाय अडकून आप्पा पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडून बसले. नाव मात्र त्यांनी शेजारच्या सोपानमामांच्या शेळीचं घेतलं, कारण डोळे उघडले तेव्हा समोर तीच उभी होती. आठ महिने दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

रविवारी मी अंगणात आले, तर आप्पा दूधवाल्याला उन्हात एक्स-रे धरून दाखवत होते. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात कायम असायची. दौंडच्या दवाखान्यात ती काढायला सांगितली तर म्हणाले, "जीव काढा, किल्ली न्हाई." त्यामुळे फोटोत मोडक्या हाडावर किल्ली आडवी झोपलेली.

फोटो घरी आणला तेव्हा मीच शहाणपणा केला होता. "आप्पा, लॅटिनमध्ये या हाडाला छोटी किल्लीच म्हणतात. हात वर केला की ते किल्लीसारखं फिरतं."

"मंग फोटू बराबर हाय."

आई म्हणाली, "आमी तर हासळी म्हणतो. गळ्यातल्या हासळीगत बसतं म्हणून."

"हासळी बायांला. गड्यांला किल्ली."

दूधवाल्यालाही ते हेच सांगत होते. "तुझ्यात बी असंल. दौंडला जाऊन बघ." माणूस इतका खुशीत, म्हटलं उद्या सांगू.

सोमवारी सकाळी चहा पिता पिता आप्पा गेले.

दहाव्याला घोडनदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसला, पण शिवेना. आप्पांचं काहीतरी अडलंय, असं सगळ्यांचं मत पडलं. माझा भाऊ हनुमंत हात जोडून म्हणाला, "आप्पा, मोटार मी बघतो." कावळा ढिम्म. आई म्हणाली, "किल्ली मी कुणाला देत न्हाई." कावळ्यानं पंख साफ केले. शेवटी सोपानमामा पुढं आले. "रखमाजी, चुकली शेळी. मुकं जनावर हाय, माफ कर तिला."

कावळ्यानं पाठ फिरवली.

ऊन चढलं. मंडळींना भुका लागल्या. आता बोलायची राहिलेली मी एकटीच, तेव्हा सगळे माझ्याकडं बघू लागले.

मी हात जोडले.

"आप्पा, शेळीनं न्हाई पाडलं तुम्हाला. पाइप मी टाकला होता."