आधी बसा

सेलूच्या आमच्या वाचनालयात पुस्तक मागितलं की लगेच मिळत नसे. आधी बसावं लागे. ग्रंथपाल मन्मथअप्पा रजिस्टरातून मान वर न करता समोरच्या बाकाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "बसा. आधी बसा."

किती वेळ बसायचं याला घड्याळ नव्हतं. बाकावर बसलेल्या माणसाचा पाय हलायचा थांबला की त्याचं बसणं पूर्ण झालं, असा अप्पांचा कायदा होता. तोवर पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, आणि बोलणं तर मुळीच नाही.

मोंढ्यातले एक आडते रोज सकाळी भाव बघायला पेपर मागायचे. एकदा ते अगदी घायकुतीला आले. "अप्पा, तिकडं सौदा सुरू व्हायलाय!"

"सौदा तुमाला सोडून कुठं पळून जायलाय? पाय बघा आपला."

आडत्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा दाबून धरला.

"दाबून न्हाई, सेठ. आपोआप थांबू द्या."

पुढे आडत्यांनी स्वतःचा पेपर लावला. अप्पांना त्याचं काहीच वाटलं नाही. एकदा मात्र अनुदानाच्या तपासणीला एक साहेब आले, तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं. अप्पांनी त्यांनाही बाक दाखवला. साहेब चार तालुक्यांची धूळ खाऊन आले होते. ते बसले आणि पाचव्या मिनिटाला भिंतीला डोकं टेकून घोरायला लागले. तासाभरानं उठले, तोंड पुसलं, चहा प्याले आणि कपाटाला हात न लावता शेऱ्याच्या वहीत 'वातावरण अत्यंत शांत' असं लिहून गेले.

पुस्तकं लावायची अप्पांची तऱ्हाही त्यांची स्वतःची होती. आपल्याकडे जेवणात उष्ण काय आणि थंड काय हे लहान पोरालाही ठाऊक असतं. अप्पांनी तेच पुस्तकांना लावलं. खुनाच्या आणि रहस्याच्या कादंबऱ्या उष्ण, संतांची चरित्रं थंड, राजकारणावरची सगळी वातूळ. उष्ण पुस्तकं वरच्या फळीवर, थंड खाली माठाशेजारी. मे महिन्यात रहस्यकथा मागितली तर साफ नकार यायचा. "उन्हाळा हाय. घोळणा फुटंल."

आमचे मुख्याध्यापक एकदा त्यांच्याशी भांडून अशी एक कादंबरी घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या नाकातून रक्त आलं. तेव्हापासून सेलूत अप्पांशी वाद घालणारा उरला नाही.

सगळ्यात थंड पुस्तक मात्र त्यांच्या खणात असायचं. तळहाताएवढं, पातळ, कव्हर नाही, सुरुवातीची पानं कसरीनं खाल्लेली. लेखकाचं नावही कसरीच्या पोटात गेलेलं. आत चीन देशातल्या ताओ पंथाच्या जुन्या म्हाताऱ्यांचे विचार होते. ताओ म्हणजे वाट, एवढं शिल्लक राहिलेल्या पहिल्या पानावरून कळायचं. दुपारी कुणी नसलं की अप्पा त्यातलं एक पान वाचायचे आणि तासभर दाराकडे बघत बसायचे. त्यांच्याच लिंगायत समाजातले लोक चेष्टा करायचे. "अप्पा, गळ्यात लिंग असताना चीनचा देव कशाला?"

"तळहातावर लिंग घेऊन बसलं काय अन् पुस्तक घेऊन बसलं काय, बसायचं तर एकच हाय की."

ते पुस्तक मी एकदा घरी मागितलं. अप्पांनी खण लावून घेतला. "हे दुसऱ्याच्या नावावर हाय, गुरुजी."

मी शाळेत गणित शिकवायचो. घरी बसलो की दळण आठवायचं आणि शाळेत बसलो की मतदारयादीचं काम मागे लागायचं. दिवसभरात मला खरोखर बसू देणारी जागा ती एकच होती. मी कपाळाला आठ्या घालून आलो की अप्पा म्हणायचे, "पान्याला कुणी शिकवलंय का उताराकडं जायला? तुमी उगं चढाकडं ढकलायलाव." त्यांचं मला पटायचं असं नाही. पण थकलेल्या माणसाला पटणं आणि पाठ टेकायला मिळणं यातला फरक फारसा कळत नाही. मी बसायचो. पाच मिनिटांत माझा पाय थांबायचा. अप्पा मला त्यांचा सगळ्यात चांगला सभासद म्हणायचे आणि ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण अप्पांना ही खोड कधी लागली ते मला माहीत होतं. आधी ते चारचौघांसारखेच झटपट पुस्तक देऊन मोकळे व्हायचे. अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या शाळेत वाव्हळे म्हणून विज्ञानाचे शिक्षक होते. वाचनालयात रोज येणारा असा दुसरा माणूस नव्हता. ते चिनी पुस्तक जुन्या गठ्ठ्यातून शोधून पहिल्यांदा घरी नेलं ते त्यांनीच. ते ज्या वस्तीतून शिकून वर आले होते तिच्यावर लोकांचा राग होता, आणि राग माणूस बघत नाही. त्यांच्या घरमालकानं 'वातावरण बरं नाही' एवढंच सांगून त्यांची ट्रंक ओसरीवर आणून ठेवली.

दुपारी वाव्हळे सर ती ट्रंक घेऊन स्टेशनकडे निघाले आणि वाटेत वाचनालयात आले. ट्रंक खाली ठेवली, तिच्यातून ते पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. "आजची तारीख आहे परतीची," म्हणाले.

अप्पांनी रजिस्टर पुढे सरकवलं. सरांनी सही केली. बाकावर आम्ही चौघं होतो. सर क्षणभर उभे राहिले. गाडीला दोन तास होते. ती रोजचीच गाडी, तिची वेळ आम्हां सगळ्यांना तोंडपाठ होती. कुणी सरकलं नाही. अप्पा रजिस्टरात बघत राहिले. मी हातातला पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर खाली घेतला तेव्हा सर गेले होते.

त्यानंतर महिनाभरातच अप्पा दारातून येणाऱ्या प्रत्येकाला 'आधी बसा' म्हणायला लागले. लोक म्हणाले, पुस्तकानं डोकं फिरलं. मीही हसलो लोकांबरोबर. ह्या विषयावर आम्ही दोघं पंधरा वर्षं एक अक्षर बोललो नाही.

मग चौऱ्याण्णव साल उजाडलं. विद्यापीठाला नाव मिळाल्याची बातमी पेपरात आली. त्या सकाळी अप्पांनी तो पेपर उभ्यानंच वाचला. घडी घालून ठेवला. मी बाकावर बसणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "गुरुजी, वाव्हळे सरांचा पत्ता ठावा हाय का तुमाला?"

ठाऊक होता. राणीसावरगावला, त्यांच्या मामाच्या गावी, ते शाळेत लागले होते. पंधरा वर्षं मला हे ठाऊक होतं आणि मी त्यांना एक कार्डसुद्धा टाकलं नव्हतं.

रविवारी आम्ही निघालो. परभणीला गाडी बदलून गंगाखेड आणि तिथून पुढे एसटी. अप्पांनी ते पुस्तक टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. एसटीत माझं लक्ष गेलं तर त्यांचा उजवा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता.

"अप्पा, पाय," मी म्हणालो.

"थांबंना गेलाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत बोलले, "गुरुजी, लय वाचलं मी हे. काही करू नये, उगं धडपडू नये, सगळं पटलं. पण एक गोष्ट त्यात कुठं सापडली न्हाई. शांत बसणं अन् भिऊन बसणं भाईरून सारखंच दिसतंय. मग वळखायचं कसं?"

मी तिकिटावरचे आकडे मनातल्या मनात मिळवत राहिलो.

वाव्हळे सरांनी स्वतःच दार उघडलं. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते. त्यांनी आधी अप्पांकडे पाहिलं, मग टॉवेलातून बाहेर आलेल्या पुस्तकाकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम आवळला.

"हे मी जमा केलं होतं," ते म्हणाले. "रजिस्टरला सही आहे माझी."

पंधरा वर्षांनी सेलूची दोन माणसं दारात आली, तर ती आरोप घेऊनच आली असणार, असं त्या माणसाला वाटलं. मला ते फार लागलं.

"हाय. सही हाय," अप्पा घाईनं म्हणाले. "सर, त्या दिवशी गाडीला दोन तास होते. तुमाला बसा म्हणायचं माझ्यानं झालं न्हाई. तेवढं सांगायला आलोय. पुस्तक तुमचंच हाय, दुसऱ्या कुणाला दिलं न्हाई."

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही पेपर वाचत होता."

"हो," मी म्हणालो.

ते आत गेले. आता दार लागणार, असं मला वाटलं. ते बाज घेऊन बाहेर आले आणि ती अंगणात टाकली. "बसा," म्हणाले.

आम्ही बसलो. सर मात्र पुस्तक हातात घेऊन चौकटीला टेकून उभेच राहिले. पानं उलटत होते. एका पानावर त्यांनी कधीतरी पेन्सिलीनं रेघ मारली असावी, तिथं ते थांबले आणि मग हळूच उंबऱ्यावर टेकले. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. फाट्यावर परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला, पण अप्पांनी उठायचं नाव काढलं नाही.

मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो थांबला होता. माझा मात्र हलत होता.