जेजूला जायची तालीम

ढवळेकाकांनी एका शनिवारी आम्हाला त्यांच्या गराजमध्ये उभ्या असलेल्या मिनीव्हॅनमध्ये बसवलं आणि बाहेरून जाहीर केलं, "आपण आता कोरियाला निघालोय. संध्याकाळपर्यंत कुणीही उतरायचं नाही."

गाडीचं इंजिन बंद होतं. मधल्या सीटवर मी, माझा नवरा अजित आणि आमची सात वर्षांची ईशा. मागच्या सीटवर शालिनीकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, उशी घेऊन आधीच झोपल्या होत्या. त्यांना अनुभव होता. काका स्वतः सरकत्या दारापाशी टाय लावून उभे होते, कारण ते एअर होस्टेस होते.

थोड्या वेळाने डब्याच्या झाकणांतून उपमा आला. खाताना कोपर शेजाऱ्याला लागतं का, हे त्यांनी वाकून पाहिलं. मग मागे जाऊन त्यांनी बंपर धरून गाडी गदागदा हलवली. अजितच्या शर्टावर चहा सांडला. "टर्ब्युलन्स," काकांनी खिडकीतून कळवलं.

ईशा म्हणाली, "काका, आय नीड टु गो."

"सीट बेल्टचा दिवा लागलाय."

"देअर इज नो दिवा!"

काकांनी हात आत घालून छताचा दिवा लावला. "आता आहे."

दुपार कलली तेव्हा ईशाने भोकाड पसरलं. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद झळकला, तो मी विसरू शकत नाही. "बघा! बघा! हेच पॅसिफिकच्या वर झालं असतं तर? फेल व्हायचं तर इथं व्हा. तिथं नाही!"

हे त्यांचं आवडतं वाक्य. भास्कर ढवळे मूळचे अमरावतीचे. आयुष्यभर डेट्रॉइटच्या एका गाड्यांच्या कंपनीत सीट टेस्ट करत होते. त्यांच्या लॅबमध्ये माणसाच्या बुडाच्या आकाराचं एक यंत्र होतं, ते दिवसभर सीटवर बसायचं आणि उठायचं, बसायचं आणि उठायचं. सीट फाटली की काका खूश. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला कंपन्यांनी सिनियर लोकांना पैसे देऊन घरी पाठवायला सुरुवात केली, त्यात काकाही रिटायर झाले. यंत्र कंपनीत राहिलं, म्हणून काकांनी आमच्यावर काम सुरू केलं. आम्ही डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला त्यांच्या समोरच राहायचो. "घरचे लोक प्रेमापोटी खरं सांगत नाहीत," ते म्हणायचे, "टेस्टिंगला त्रयस्थ माणसं लागतात."

रिटायर झाल्यावर ट्रॉयमधली माणसं फ्लोरिडाला जातात, नाहीतर पुण्यात फ्लॅट घेतात. काकांनी मात्र ठरवलं, उन्हाळ्यात सगळं कुटुंब घेऊन कोरियाच्या जेजू बेटावर जायचं. स्वच्छ वाळू, उथळ पाणी, लहान मुलांना एकदम सेफ. यात एकच अडचण होती. काकांना समुद्राची भयंकर भीती. त्यांच्या मते समुद्र म्हणजे कठडा नसलेली विहीर.

जेजूच का, हे आम्हाला माहीत होतं आणि नव्हतंही. त्यांची सून सूजिन मूळची तिथली. मिशिगनला शिकायला आली, त्यांच्या निखिलशी लग्न केलं आणि त्यांना चार वर्षांची मीरा आहे. सूजिन शांत, हसतमुख मुलगी. काकूंच्या हाताखाली पुरणपोळी शिकली होती, मराठी सगळं समजायचं आणि मोडकंतोडकं बोलायचीही. तिच्या माहेरचं कुणी कधी दिसलं नव्हतं. आम्ही विचारलंही नाही. परदेशात माणसं लांब असतात, एवढं आम्हा सगळ्यांना पाठ असतं.

तर तयारी. काकांनी आधी ट्रकभर वाळू मागवली आणि ड्राइव्हवेवर ओतली. त्यावर चटई, खुर्च्या, आइसबॉक्स. लॉनचा स्प्रिंकलर तिरका करून लाटा आणल्या. मीरा आणि ईशा खूश होत्या. मग वाऱ्याची टेस्ट आली. काकांनी वाळूत बीचची मोठी छत्री रोवली आणि पानं उडवायचा ब्लोअर तिच्याखाली धरला. छत्री उठली, कुंपणावरून गेली आणि शेजारच्या बॉबच्या बार्बेक्यूवर उतरली. बॉब सॉसेजचा चिमटा हातात घेऊन कुंपणापाशी आला आणि थंडपणे म्हणाला, "भास्कर, काल मी तुझ्या बायकोला विचारलं की तू ठीक आहेस का. ती म्हणाली, हा असाच आहे."

"फेल झाली!" काका आनंदाने म्हणाले.

पोहण्यासाठी त्यांनी कम्युनिटी सेंटरच्या पूलमध्ये नाव घातलं. अगदीच पाण्याला घाबरणाऱ्यांसाठी एकच वर्ग होता, तो पाच वर्षांखालच्या मुलांचा. काका त्याच वर्गात गेले. दंडांना नारिंगी फुगे बांधून कमरेएवढ्या पाण्यात मुलांच्या रांगेत उभे राहायचे, आणि शिकवणारी हायस्कूलची मुलगी ओरडायची, "ग्रेट जॉब, मिस्टर भास्कर! ब्लो बबल्स!" वर्गाच्या शेवटी बदकाचं चित्र असलेलं सर्टिफिकेट मिळालं. ते त्यांनी फ्रिजवर लावलं. पोहता मात्र आलं नाही. बुडबुडे उत्तम यायचे.

खाण्याची टेस्ट काकूंनी हाणून पाडली. काकांनी कोरियन दुकानातून किमचीची, म्हणजे त्यांच्या कोबीच्या लोणच्याची, बरणी आणली, तशी काकूंनी बरणी हुंगली आणि म्हणाल्या, "यात मासा आहे. मी दशम्या आणि मेतकूट घेऊन येईन. तुम्ही बसा बुडबुडे काढत."

सगळ्यात कहर भाषेचा होता. बिग बीव्हर रस्त्यावर पाकबाईंचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. काका त्यांच्याकडून कोरियन शिकायचे, पण फुकट शिकणं त्यांना बरं वाटेना. म्हणून दर आठवड्याला ते आपला एकुलता एक कोट धुवायला टाकायचे. कोट टाकताना एक धडा, कोट आणताना दुसरा. "त्या कोटाचा मूळ रंग कुठला होता, मला आता आठवत नाही," काकू म्हणायच्या.

एकदा ते धावत आमच्याकडे आले. "ऐकलंत का? कोरियनमध्ये वडलांना काय म्हणतात माहिताय? अप्पा! अहो, आमच्या अमरावतीच्या गल्लीत निम्मे अप्पा होते! म्हणजे आपलीच माणसं झाली की ही!" पुढे आठवडाभर ते भेटेल त्याला हे सांगत होते. बॉबलासुद्धा.

आम्ही हसायचो. सूजिन हसत नव्हती, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

एका रविवारी काकांकडे आम्ही सगळे जेवायला होतो. काकांनी तिकिटं टेबलावर ठेवली. डेट्रॉइट ते सोल, सोल ते जेजू. सूजिनने तिकिटांकडे पाहिलं आणि ताटातला हात काढून घेतला.

"बाबा, मी येणार नाही."

"का गं? विमानाची टेस्ट पास झालीय. ईशा रडली, पण ती लहान आहे."

"बाबा, प्लीज," निखिल म्हणाला.

सूजिन इंग्रजीत बोलायला लागली, हळू आणि सरळ. तिच्या वडलांची त्या बेटावर संत्र्यांची बाग आहे. परक्या माणसाशी लग्न केलंस तर मला मुलगी नाही, असं ते म्हणाले होते. लग्नाला कुणी आलं नाही. आई चोरून फोन करते. वडील सहा वर्षांत एक शब्द बोललेले नाहीत. "माझे वडील दार उघडणार नाहीत, बाबा. मीराच्या समोर मला ते नकोय."

आमटी निवत चालली होती. मला वाटलं, आता काका तिकिटं उचलून आत नेतील.

काका म्हणाले, "पण आपण त्यांच्या घरी कुठं चाललोय? आपण बीचवर चाललोय. समुद्र काय त्यांच्या मालकीचा आहे?"

"बाबा..."

"मी हॉटेल घेतलंय. तू घराच्या दिशेला बघूसुद्धा नकोस. आपण वाळूत बसू, पोरगी खेळेल, आणि परत येऊ. मी पाण्याला घाबरतो, तू बापाला घाबरतेस. दोघं एकाच छत्रीखाली बसू."

सूजिन रडत रडत हसली. असं तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तिने मान हलवली.

जुलैच्या सुरुवातीला ते गेले. आम्हीच त्यांना विमानतळावर सोडलं. काकांनी तो कोट घातला होता. दहा दिवसांनी परत आल्यावर काका आम्हाला एकच वाक्य बोलले, "ट्रिप छान झाली, विमानाच्या सीट टुकार होत्या." बाकीचं मला सूजिनने सांगितलं. मीरा आमच्याकडे ईशाशी खेळायला आली होती, तिला न्यायला ती आली आणि माझ्या किचनमध्ये बसली. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मी तिच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते.

काकांनी सगळ्या गोष्टींची टेस्ट केली होती, फक्त पावसाची नाही. जुलैच्या सुरुवातीला जेजूला पावसाळा असतो, हे काकांनी कुणाला विचारलंच नव्हतं. रोज धो धो पाऊस. हॉटेलच्या खोलीत काकूंच्या दशम्या, मीराचा दंगा आणि काचेला नाक लावून बसलेले काका.

"तू का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं, पाऊस असला की बाहेर जावं लागणार नाही," सूजिन म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी ऊन पडलं. काकांनी सगळ्यांना पिटाळत हॉटेलसमोरच्या वाळूत नेलं. छत्री उघडली, वारा नव्हता, ती उडाली नाही. काकांच्या नाकावर पांढरं सनस्क्रीन, हनुवटीखाली बांधलेली टोपी, आणि दंडांना ते नारिंगी फुगे. पाण्यापासून बरेच लांब, कोरड्या वाळूत. आजूबाजूची कोरियन मुलं खेळ थांबवून त्यांच्याकडे बघत होती. काकूंनी डबा उघडला, सगळ्यांनी पोटभर खाल्लं. काकांनी चार दशम्या हाणल्या.

तेव्हा वरच्या रस्त्यावर गमबूट घातलेला एक म्हातारा माणूस येऊन उभा राहिला. खाली येईना, परतही जाईना. सूजिनने आईला फोनवर हॉटेलचं नाव सांगितलं होतं. आईने ते घरात सांगितलं असावं.

"माझे पाय वाळूत रुतले," सूजिन म्हणाली. "मी मीराला घट्ट धरलं आणि खाली बघत बसले. निखिल उठायला लागला तर सासूबाईंनी त्याला खाली बसवलं."

उठले काका. फुग्यांसकट. वाळू तुडवत रस्त्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांपाशी गेले, आणि पाकबाईंनी शिकवल्याप्रमाणे इतके खाली वाकले, की पुढच्या पायरीवर जवळजवळ कोसळलेच. मग सरळ झाले. तोंड उघडलं. आणि काही बाहेर पडेना. इतके महिने घोकलेलं कोरियन साफ गेलं. ते दोनदा खाकरले. शेवटी मराठीत बोलायला लागले, आणि घाबरलेला माणूस बोलतो तसे मोठ्याने, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असे.

"अहो, तुमची लेक आमच्याकडे बरी आहे. आमच्या घरात तिला कुणी दुखवत नाही. पण दर सणाला ती फोनजवळ जाऊन बसते. बाळंत झाली तेव्हासुद्धा फोन उशाशी घेऊन झोपली होती. तिला वाटतं कुणाच्या लक्षात येत नाही. मला दिसतं हो. मला बघवत नाही."

सूजिनच्या वडलांनी ऐकून घेतलं. त्यांना अर्थातच एक अक्षर कळलं नाही. ते काकांच्या खांद्यावरून वाळूकडे बघत कोरियनमध्ये म्हणाले, "काय म्हणतोय हा?"

त्या सबंध किनाऱ्यावर त्याचं उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस होतं.

"बाबा खरंच विसरले की काय, मला आजपर्यंत कळलं नाही," सूजिन म्हणाली. "मी विचारणारही नाही. पण मला उठावं लागलं. मीराला कडेवर घेऊन वर गेले आणि सगळं सांगितलं. बाबा म्हणाले होते, 'ती फोनजवळ बसते'. मला म्हणावं लागलं, 'मी बसते, अप्पा'. सहा वर्षांनी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य."

बाहेर अंगणात मुलींचं काहीतरी भांडण चाललं होतं. मी चहा पुढे सरकवला, तो तिने घेतला नाही.

"मग?"

"त्यांनी मीराकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मीरा त्यांना घाबरली नाही, तिने त्यांच्या बुटाला लागलेला चिखल दाखवला. मग ते मला म्हणाले, 'त्यांना विचार, जेवलात का?'"

सूजिनने मराठीत भाषांतर केलं, "बाबा, ते विचारतात, जेवलात का?"

ढवळेकाकांच्या ओठांना अजून मेतकूट लागलेलं होतं. त्यांनी ते हाताच्या पालथ्या बाजूने पुसलं आणि मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "सकाळपासून कुणीच जेवलेलं नाही."