भाकरीचे सतरा छापील पुरावे

“वहिनी, या विषयावर जगात जे जे छापलंय ते सगळं लिहून काढा. एक जरी राहिलं तरी अर्ज बाद,” असं पुण्याचे वकीलसाहेब बजावून गेले. छापलेलं तेच ज्ञान, बाकी सगळा नुसता अनुभव, हे सत्य मला त्या दिवशी उमगलं.

माझे दीर धोंडप्पा हे कापड विणायच्या मागाचे फिटर. चौऱ्याहत्तर साली त्यांनी भाकरी चुलीपुढं उभी करून दोन्ही अंगांनी कडक करणारी लोखंडी घोडी शोधून काढली. (शोध कुंभारी गावात लागला, केराबाईंच्या चुलीपुढं, त्यांच्या बांबूच्या तीन काड्या बघताना. केराबाई तीस वर्षं त्यावर भाकरी कडक करून बाजारात विकतात.) घोडीवर पेटंट घ्यायचं ठरलं. रोज एकशे आठ वेळा ‘नमः शिवाय’ लिहायचा माझा नेम, त्यामुळं अक्षर बरं. यादी माझ्याकडं आली.

तीन आठवड्यांत सतरा संदर्भ जमले. सहावीचं विज्ञान, पान एकतीस : उष्णतेनं पाणी उडून जातं. पंचांगातली चुलीची शुभ दिशा. बिस्किटांवरचा जर्मन लेख (कुणालाच वाचता न आल्यानं एकमतानं मंजूर). भज्यांच्या पुडीचा कागद, तारीख तेलात बुडालेली. पैकी भाऊजींनी वाचलेले : शून्य.

अठरावं नाव मी केराबाईंचं घातलं. वकीलसाहेबांनी ते तांबड्या शाईनं खोडलं.

“लेखक नाही, प्रकाशक नाही, पान नाही. अहो, अर्जाच्या आधी एक ओळ जरी छापून आली असती, अगदी काल, तरी पेटंट हातचं गेलं असतं. नशीब, बाई निरक्षर आहेत!”

मी कुंभारी गाठली.

“मावशी, तुमचं हे कुठल्या पानावर आहे का?”

“पान? भाकरीला पाठ असती, पोट असतंय. पान कुटलं गं बाई?” मग त्या हळूच म्हणाल्या, “धोंडप्पाला कागुद मिळाला की माज्या काड्या मोडायच्या व्हय?”

“मोडायच्या नाहीत. भाऊजींची परवानगी काढायची.”

“माज्याच काड्यांची?”

(कायदा दयाळू असतो. परवानगीचा अर्जही छापील मिळतो.)

“तुमचं नाव छापून आल्याशिवाय अर्ज टपालात पडणार नाही,” मी शब्द दिला.

वाचकहो, तुम्ही केराबाईंची भाकरी वर्षानुवर्षं कडाकडा मोडून खाल्लीत, ही युक्ती कुणाची असं एकदाही विचारलं नाहीत. आत्ता मात्र मान डोलावताय. कारण हे छापलेलं आहे.

अर्ज उद्या जायचा आहे. पूजा आटोपून मी चपला घातल्या. लग्नपत्रिका छापणारा छापखाना नऊला उघडतो.

“वहिनी, सकाळी सकाळी कुठं?” भाऊजींनी विचारलं.

“एक संदर्भ राहिलाय,” मी म्हटलं आणि दार हलकेच ओढून घेतलं.