एक्केचाळीस जणांची माफी

राग सोडायला लोकांना अख्खा जन्म पुरत नाही. मी म्हटलं, आपल्याला एक रविवार बास!

झालं असं, की चहात साखर कमी पडली म्हणून मी कपबशी आपटली. तुकडे गोळा होईपर्यंत आमची रुपाली माहेरी खुटबावला पोचलीसुद्धा. जाताना एवढंच म्हणाली, "राग जाईल तवा फोन करा. त्याआधी न्हाई." आठ दिवस मी स्वतःच्या हातचा चहा प्यालो. साखर भरपूर होती, पण त्याला चहा म्हणायची हिंमत होत नव्हती. खरं सांगतो, घर खायला उठलं होतं.

कंपनीत माझ्या लाइनवर जालिंदर आहे. व्यसन सोडवणाऱ्या बारा पायऱ्यांच्या गटात जाऊन त्यानं दारू सोडली, तीन वर्षं थेंब नाही. दारू सुटते तर राग का नाही? त्याच्याकडून त्या पायऱ्यांची पुस्तिका आणली आणि जिथं जिथं 'दारू' होतं तिथं खोडून 'राग' केलं.

"मल्हार, वर्ष-वर्ष लागतंय याला," जालिंदर म्हणाला. "एकेका पायरीवर दम खायचा आसतो."

"मी प्रॉडक्शनचा माणूस हाय. टार्गेट म्हंजी टार्गेट!"

रविवारी आंघोळीपर्यंत सात पायऱ्या उरकल्या. रागापुढं मी हतबल आहे? कबूल! सगळं देवावर सोडा? बिरोबाला हात जोडले, सोडलं! आठवी पायरी, आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी. लिहायला बसलो तर एक्केचाळीस नावं झाली! आमच्या वाडीत उंबरेच साठ. नववी पायरी, त्यांची माफी मागा आणि झालेलं नुकसान भरून द्या. पांढरा शर्ट घातला, कारण बाकीचे धुवायचे होते. वही घेतली आणि निघालो.

पहिल्या अनसाबाई. त्यांची शेळी माझ्या मेथीत शिरली तेव्हा मी शेळीसकट त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. हात जोडून म्हणालो, "अनसामावशी, आजवर झालं गेलं, चुकलं माझं. तुमच्यासाठी काय करू तेवढं सांगा."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गल्लीतला दिवा बंद हाय."

मला काही कळेना. शेळीचा आणि दिव्याचा काय संबंध? पण म्हटलं, त्यांचं नुकसान त्यांना ठाऊक. वहीत लिहिलं, दिवा.

गेणबा आबांना गटार हवं होतं. शेजारच्यांना नळाला दोन वेळ पाणी. एका म्हातारीनं तर मला ओवाळलं! ज्याची मी कॉलर धरली होती, त्यानं उलट मलाच मिठी मारली. "घरात चार हायेत. चारी तुझीच!"

"चार काय?"

त्यानं नुसता डोळा मारला.

दहाव्या घरापासून मागं माणसं चालायला लागली. कुणीतरी माझ्या गळ्यात उपरणं टाकलं, कुणी हलगी आणली. म्हटलं, माफीत एवढी ताकद असते होय!

तेवढ्यात पोपटराव आडवे आले. तीन वेळचे ग्रामपंचायत सदस्य. एरवी "ए मल्हाऱ्या" म्हणणारे!

"मल्हारराव, बसून बोलू की! अर्ज भरायचं तेवढं मनातनं काढा."

"कसला अर्ज?"

"आता आमच्यापुढंच नाटक व्हय? उभं राहिलाय न्हवं पंचायतीला?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला! पुढच्या महिन्यात निवडणूक. आणि पांढऱ्या शर्टात हात जोडून "चुकलं माझं" म्हणणारा माणूस आमच्याकडं पाच वर्षांतून एकदाच दिसतो.

"आप्पा, मी उभा न्हाई!"

"समदे आसंच म्हणत्यात. कुणी उभं केलं तेवढं सांगा."

"अहो, न्हाई उभा!"

"पाठिंबा कुणाचा, त्ये तरी..."

"कान फुटले का तुमचे? न्हाई उभा म्हणून सांगतोय न्हवं!" मी बोंबललो आणि वही जमिनीवर आपटली. हलगी थांबली. गर्दी फाकली. आणि पलीकडं स्कूटीवर बसलेली रुपाली दिसली. जावई उभे राहिल्याची बातमी मला कळायच्या आधीच खुटबावला पोचली होती.

तिनं वही उचलली आणि सावकाश वाचली.

"एक्केचाळीस जणांची माफी?"

"व्हय! तुझ्यासाठीच चाललंय समदं," मी छाती फुगवून सांगितलं.

"यात पोपटआप्पांचं कुत्रं बी हाय."

"दगड मारला होता त्याला."

"आन् मी कुठं हाय?"

मी वही पुढून पाहिली, मागून पाहिली. रुपाली कुठंच नव्हती. "अगं, तू तर घरातलीच..."

"व्हय. घरातलीच, म्हणून कपबशी माझ्या पायापाशी फुटली."

मला भर गर्दीत मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वहीतल्या दिव्यावर, गटारावर, नळावर बोट ठेवलं. "हे समदं कबूल केलंय न्हवं? मग करा. माझं नाव शेवटी लिवा." आणि स्कूटी वळवली.

काय करता! दिवा, गटार, नळ पंचायतीत गेल्याशिवाय होणार नव्हते, सोमवारी मुकाट्यानं अर्ज भरला. पोपटरावांनी पुन्हा "मल्हाऱ्या" म्हणायला सुरुवात केली. रागावर मी अजून पहिल्याच पायरीला आहे आणि आता घाई करत नाही.

निवडणुकीचं चिन्ह मिळालं त्या दिवशी रुपालीला फोन केला. वाडीतल्या प्रत्येक भिंतीवर माझ्या नावाखाली ते रंगवलं जाणार होतं, तेव्हा तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"काय मिळालं?"

"कपबशी," मी म्हणालो.

हसू दाबत ती म्हणाली, "ही तरी फोडू नका."